२९७ सभासद आणि एकच फोन नंबर

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमचं वाचनालय दुपारची पाळी बंद ठेवतं. पंचेचाळीस अंशांत पुस्तक बदलायला कोणी फिरकत नाही आणि कूलरसमोर बसूनही ग्रंथपाल काकूंचे हाल होतात. यंदा वेळ बदलल्याचा मेसेज सगळ्या ३१८ सभासदांना एकदम पाठवायचं ठरलं. आजवर काकू एकेकाला फोन करायच्या. यंदा पहिल्यांदाच संगणकातल्या यादीवरून मेसेज सुटणार होते.

एकही सुटला नाही. मेसेज पाठवणाऱ्यांकडून सगळी यादी ‘अवैध नंबर’ असा शेरा मारून परत आली. काकूंनी ती छापली आणि माझ्यापुढे ठेवली. मी या वाचनालयाचा सचिव. त्याआधी तीस वर्षं नागपूरच्या धरमपेठ-सीताबर्डीच्या पट्ट्यात अकरावी-बारावीला गणित शिकवलं.

“सर, हे काय होऊन राहिलं? अख्ख्या गावाचा नंबर एकच?”

२९७ नावांपुढे एकच नंबर होता: २१४७४८३६४७. सतरा नावांपुढे वेगवेगळे सात आकडी नंबर होते. चार नावांपुढे शून्य.

यादीचं सॉफ्टवेअर परिसरातल्याच एका मुलाने करून दिलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि एक पैसा घेतला नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्या चुका येणार आहेत. तो धावत आला. म्हणाला, “सर, गार्बेज व्हॅल्यू असेल. फाइल करप्ट झाली असेल.”

कचरा २९७ वेळा इतका शिस्तीत पडत नाही. शिवाय हा आकडा मी ओळखत होतो. वर्गात कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिला होता. २ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा.

पण ओळखीवर विसंबून निदान करू नये, म्हणून आधी यादीच वाचली. सतरा शाबूत नंबर कोणाचे? जुन्या सभासदांचे. त्यांनी घरचा लँडलाइन नंबर दिला होता, २ ने सुरू होणारा, सात आकडी. तर मग लँडलाइन वाचले आणि मोबाइल बुडाले, असं म्हणायचं? मुलाने तसंच म्हटलं. पण काकूंना त्यांची माणसं पाठ आहेत. बिघडलेल्या २९७ मध्ये नऊ जण असे निघाले, ज्यांच्याकडे मोबाइल नाहीच. त्यांनीही लँडलाइनच दिला होता, फक्त पुढे ०७१२ लावून. संगणकाने संख्या समजून पुढचं शून्य गाळलं, उरली ७१२ कोटींच्या घरातली संख्या. बिनकोडवाल्यांची संख्या जेमतेम वीस-तीस लाखांची.

म्हणजे भेद मोबाइल आणि लँडलाइनचा नव्हता, लहान आणि मोठ्याचा होता. तीस लाख आणि ७१२ कोटी यांच्या मध्ये कुठेतरी कुंपण होतं. ते बरोबर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ वर होतं.

कारण साधं आहे. मुलाने फोनचा रकाना ‘पूर्णांक’ असा ठेवला होता. संगणक अशा पूर्णांकाला ३२ बिट देतो, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या ३२ जागा. त्यातली एक अधिक-उणे चिन्हाच्या हिशेबात जाते. उरलेल्या ३१ जागांवर ३१ एक लिहिले की जी संख्या होते, तीच ही: १ + २ + ४ + ८ असं दुप्पट करत ३१ पदांची बेरीज. याहून मोठी संख्या त्या रकान्यात मावत नाही. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे सर्वांत लहानसुद्धा ६०० कोटी. एकही मावणं शक्य नव्हतं.

आता न मावणाऱ्याचं काय करायचं, हे डेटाबेसच्या सेटिंगवर असतं. कडक सेटिंग असेल तर तो नोंद नाकारतो. आमच्याकडे सैल होती. पायलीवर धान्य ओतत राहावं तसं झालं: पायली काठोकाठ भरली, वरचं सांडून गेलं, आणि मोजणाऱ्याने प्रत्येकापुढे ‘एक पायली’ लिहिलं. सांडल्याचा इशारा संगणकाने २९७ वेळा दिला होता. तो पाहायला कोणी नव्हतं.

मुलाने लगेच उपाय सुचवला: चिन्हाची जागाही मोजणीला घेऊ, पायली दुप्पट होईल. होईल, पण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंतच. ६०० कोटी तरीही बाहेर. एवढा गुणाकार त्याने न करता उपाय सुचवावा याचं मला वाईट वाटलं. मास्तरकी सुटत नाही.

समितीतली शंका

खरं तर प्रकरण इथेच संपायचं. पण संध्याकाळी समितीची बैठक झाली, आणि आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी नातवाकडून शोध घेऊन आणला होता की ही ‘मूळ संख्या’ आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी. बँकांची कुलुपं मूळ संख्यांची असतात हे त्यांनी वाचलेलं. त्यांचा निष्कर्ष: कोणीतरी आत शिरून यादीला कुलूप घातलंय, सायबर पोलिसांकडे जाऊ या.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. २९७ लोकांचे फोन नंबर बाहेर गेले असते तर मामला गंभीर होता. आणि त्यांच्या म्हणण्यातलं एक विधान खरं निघण्यासारखं होतं. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे केले. ही संख्या खरंच मूळ आहे का? आणि असेल, तर त्याचा आपल्या बिघाडाशी काही संबंध आहे का?

पहिल्याचं उत्तर फोनवर एका क्षणात मिळतं. पण आमच्याकडे वर अभ्यासिका आहे, एमपीएससीची तयारी करणारी पंधरावीस पोरं तिथे बसतात, आणि मला मोह झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ जणांना खाली बोलावलं. मोबदला: चहा आणि आलूबोंडे.

आठ जण आणि ३७३ संख्या

एखादी संख्या मूळ आहे का हे बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे वर्गमूळ ४६,३४० आणि थोडं. तिथवर जवळपास ४,८०० मूळ संख्या आहेत. आठ जणांत प्रत्येकी सहाशे भागाकार. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

शिवाय साधनांची पंचाईत. अभ्यासिकेत फोन कपाटात ठेवावे लागतात. काकूंच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर आठ आकडी. त्यात ही दहा आकडी संख्या घालायला गेलेला पोरगा म्हणाला, “सर, हा तर नंबर घेऊनच नाही राहिला.” मी म्हटलं, बघ, काल आपल्या संगणकाचं हेच झालं, फरक एवढाच की हा प्रामाणिकपणे थांबला. बारा आकडी कॅल्क्युलेटर शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून आणले.

४,८०० भागाकार कोणी करत नसतं, आणि लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितीनेही केले नव्हते. त्याने ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं, ते १७७२ मध्ये बेर्नुली या गणितीला लिहिलेल्या पत्रातून जगापुढे आलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, आणि बारावीच्या गणिताच्या फारशी पलीकडची नाही.

समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला प ने भागलं तर बाकी १ उरते. आता २ चे घात घेत गेलं आणि प ने भागत गेलं की बाक्या फेर धरतात. ७ ने भागून पाहा: २, ४, १, पुन्हा २, ४, १. फेर तीनचा. ज्या घाताला बाकी १ येते तो घात फेराच्या लांबीने भागला जातोच. आपल्याकडे ३१ ला बाकी १ येते, म्हणजे फेराची लांबी ३१ ला भागणार. पण ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून फेर ३१ चाच. दुसरीकडून फर्माचा नियम सांगतो की प वजा १ या घातालाही बाकी १ च येते. तेव्हा ३१ ने प वजा १ ला भाग गेलाच पाहिजे. प विषम, म्हणून प वजा १ सम. निष्कर्ष: प ही ६२ च्या पटीत १ मिळवून होणारी संख्या आहे. बाकीच्या मूळ संख्यांना हात लावायचं कारणच उरलं नाही.

एवढ्याने तीसातल्या एकोणतीस मूळ संख्या गळाल्या. ऑयलरने आणखी अर्ध्या गाळल्या. ३१ व्या घाताला बाकी १, तर ३२ व्याला बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे एका वर्गसंख्येला प ने भागून बाकी २ उरते. असं घडायला प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यावी लागते. ३ किंवा ५ आली तर कुठल्याही वर्गाची बाकी २ येऊ शकत नाही. दोन्ही अटी एकत्र केल्या की प चे दोनच साचे उरतात: २४८ च्या पटीत १ मिळवून, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून.

४६,३४० पर्यंत या साच्यांतल्या सगळ्या संख्या, मूळ असोत वा नसोत, मोजल्या तर १८६ आणि १८७, एकूण ३७३ भरतात. त्यातली पहिली ६३, ती तर ७ नवे. ३, ५ आणि ७ च्या पटीतल्या काढल्यावर राहिल्या पावणेदोनशेच्या आसपास. मूळ कोणत्या हे शोधत बसण्यापेक्षा तेवढ्यांनी भागणं सोपं. प्रत्येकी वीस-बावीस भागाकार. पोरं खुश.

पहिली मूळ संख्या ३११ निघाली. बाकी ३५. मग १३०३, बाकी २२६. मग १४८९, बाकी १९९. ही शेवटची कॅल्क्युलेटरशिवायही निघते, आणि ते करून दाखवल्यावर एका मुलीने वही काढली: २ चा १६ वा घात ६५,५३६, त्याला १४८९ ने भागलं की बाकी २०, वर्ग केला की ३२ व्या घाताची बाकी ४००, निम्मी केली की ३१ व्याची २००, एक वजा, १९९. दहा आकडी संख्येला भागायचं कामच नाही. त्यानंतर ती कॅल्क्युलेटर फक्त वर्गांपुरता वापरत होती आणि सगळ्यांच्या आधी मोकळी झाली.

सव्वा तासात यादी संपली. मधे एकदा ‘भाग गेला!’ असा आरडाओरडा झाला, पण त्या पोराने शेवटचे दोन आकडे उलटे दाबले होते. कुठेही बाकी शून्य आली नाही. संख्या मूळ. २५० वर्षांपूर्वी एका जवळजवळ आंधळ्या माणसाने केलेलं काम आमच्या आठ डोळस पोरांनी आलूबोंड्यांवर पार पाडलं.

तिचा दबदबाही सांगितला. ऑयलरच्या कितीतरी आधी काताल्दी या इटालियन गणितीने २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घात मूळ संख्या देतात असा दावा केला होता. चारातला ३१ चाच खरा ठरला. २३ व्या घातातून एक वजा केलं तर ४७ ने भाग जातो. घात स्वतः मूळ असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही. ऑयलरच्या सिद्धतेनंतर कित्येक दशकं ही जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती, आणि तिच्या आधीचा मान ६७,००,४१७ ला होता, जी ऑयलरनेच १७३२ मध्ये २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून त्याला ६४१ ने भागून काढली होती. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तीच. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितीने लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही, कारण या संख्या निव्वळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत. निरुपयोगी म्हणून माणसं एखादी गोष्ट सोडून देतील, असं मानणाऱ्याने अभ्यासिकेत एक संध्याकाळ काढायला हवी होती.

ऑयलरची वाटही पुढे जुनी झाली. एदुआर ल्युकाने १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १, ही ३९ आकडी संख्या भागाकाराशिवाय मूळ ठरवली. त्याची पद्धत लेमरने नंतर नीटस केली. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी घ्यायची, पुन्हा तेच. घातापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही. ३१ या छोट्या संख्येवर पाहा, ती २ चा ५ वा घात वजा १: ४ चे झाले १४, १४ चे १९४ म्हणजे बाकी ८, ८ चे ६२ म्हणजे बाकी ०. तीन पायऱ्या, संपलं. आमच्या संख्येला २९ पायऱ्या लागतात.

या पायऱ्यांत भागाकारही करावा लागत नाही, आणि याचं कारण आपल्या आजोबांना माहीत होतं. ९ ने भागून बाकी काढायला आपण आकड्यांची बेरीज करतो, नवाचा ताळा. १० ला ९ ने भागून १ उरतो म्हणून हे चालतं. इथे २ च्या ३१ व्या घाताला आपल्या संख्येने भागून १ उरतो. म्हणून कितीही मोठी संख्या दोनाच्या पद्धतीत लिहून ३१-३१ आकड्यांचे तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची, बाकी हातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४ कोटी १० लाखांहून जास्त आकड्यांच्या मूळ संख्येची खातरजमाही याच कसोटीने झाली. ताळा तोच, तुकडे १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ आकड्यांचे.

मूळ असण्याचा संबंध

आता समितीचा दुसरा प्रश्न. बिघाडाशी संबंध आहे का? नाही, आणि हे दाखवायला शेजारची कुंपणं पुरतात.

८ बिटांच्या पूर्णांकाची वरची हद्द १२७, ती मूळ आहे. १६ बिटांची ३२,७६७, ती ७ गुणिले ३१ गुणिले १५१. ६४ बिटांची हद्द एकोणीस आकडी, तिला ७ ने दोनदा भाग जातो. चिन्हाशिवायच्या ३२ बिटांची हद्द ५ ने संपते, पुढे बोलायलाच नको. या सगळ्या हद्दींवर नंबर सारखेच आपटतात. ३१ हा घात मूळ निघाला आणि त्यावरची संख्याही मूळ निघाली, हा गणितातला सुंदर योगायोग. संगणकाने तो मागितला नव्हता. त्याला फक्त ३२ खोल्या होत्या.

कुलपाचं म्हणाल तर बँकेच्या कामाला लागणाऱ्या मूळ संख्या तीनशे आकड्यांच्या आसपासच्या असतात. दहा आकडी मूळ संख्येचं कुलूप म्हणजे सुतळीने बांधलेलं दार. ज्येष्ठ सदस्यांना हे पटलं. ते जुने बँकवाले आहेत, सुतळीचा मुद्दा त्यांना आवडला.

एका जागी मात्र तिचं मूळ असणं संगणकवाल्यांच्या खरंच कामी येतं, तेही सांगितलं. एखादी संख्या घ्या, १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या, बाकीला पुन्हा गुणा. शून्य सोडून असतील नसतील तेवढ्या सगळ्या, २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ बाक्या एकेकदा येऊन गेल्याखेरीज पहिली परत येत नाही. १६,८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात. सोडतीसारखे यादृच्छिक आकडे काढायला ही रीत वर्षानुवर्षं वापरली गेली. भागणारी संख्या मूळ नसती तर इतका लांब फेर मिळाला नसता.

तक्रार नोंदवायची नाही, असं ठरलं. राहिला खरा प्रश्न: नंबर कुठून आणायचे?

सांडलेले आणि सरकलेले

पायलीतून सांडलेलं धान्य परत मिळत नाही. २९७ वेगवेगळ्या संख्या एकाच संख्येत ओतल्या गेल्या होत्या. तिच्यावर कितीही गणित करा, कोण कुठला हे निघणार नाही. मुलाच्या लॅपटॉपवरची मूळ एक्सेल फाइल फॉरमॅट करताना गेली होती. कागदी अर्ज होते, पण लोखंडी ट्रंकेत, बिनक्रमाचे, आणि खालच्या थराला वाळवी.

काकूंना एक गोष्ट आठवली. गेल्या दिवाळीत ओळखपत्रं छापायची होती तेव्हा याच मुलाने एक वेगळा प्रोग्राम लिहिला होता, थेट एक्सेलवरून. नमुन्याच्या पानावर लोकांचे फोन नंबर उणे आले होते. “माझा नंबर उणे एकशेशेहेचाळीस कोटी!” म्हणून सगळे हसले, आणि ओळखपत्रांचा बेत बारगळला. ती फाइल काकूंच्या पेन ड्राइव्हमध्ये तशीच होती.

मी ती उघडली आणि मला फार बरं वाटलं. पोराने दुसऱ्यांदाही ३२ बिटांतच नंबर कोंबले होते, पण या प्रोग्रामने काठोकाठ भरून वरचं सांडलं नव्हतं. इथे स्कूटरच्या मीटरसारखं झालं होतं. मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं, पण मधले किलोमीटर कुठे जात नाहीत. किती फेरे झाले एवढं कळलं की खरा आकडा सांगता येतो. इथे एक फेरा ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ चा. निम्म्याच्या वर गेलेली संख्या उणे दिसते, एवढाच फरक.

फेरे किती झाले हे कसं कळणार? मोबाइल नंबर ६०० कोटींपासून १००० कोटींच्या आतले. पट्टा ४०० कोटींचा. फेरा ४२९ कोटींचा. पट्टा फेऱ्यापेक्षा आखूड आहे, म्हणून दोन वेगळे नंबर सरकून एकाच जागी येऊच शकत नाहीत. प्रत्येक दिसणाऱ्या आकड्यामागे एकच खरा नंबर.

नियम वहीच्या अर्ध्या पानात बसला. दिसणारा आकडा उणे असेल, किंवा १४१,००,६५,४०७ पर्यंत असेल, तर त्यात ८५८,९९,३४,५९२ मिळवायचे, म्हणजे दोन फेरे. १७०,५०,३२,७०४ पासून वर असेल तर ४२९,४९,६७,२९६, एकच फेरा. उदाहरणाला गोल नंबर घेतो: ९००००००००० हा फाइलमध्ये ४१००६५४०८ दिसला असता. ६००००००००० हा १७०५०३२७०४. मधल्या २९ कोटींच्या फटीत कुठलाही खरा नंबर येऊ शकत नाही, आणि फाइलमध्ये त्या फटीत एकही आकडा नव्हता. तेव्हाच मला खात्री वाटू लागली.

०७१२ वाले नऊ जणही यात आपोआप आले, कारण शून्य गेल्यावर त्यांची संख्या ७१२ कोटींची, तीही पट्ट्याच्या आत. उणे १४६ कोटींवाले तेच. त्यांच्या आकड्यात दोन फेरे मिळवले की ७१२२ ने सुरू होणारा नंबर निघतो, आणि नागपूरकराला त्यातलं ७१२ सांगावं लागत नाही.

फसगत एकाच ठिकाणी होण्यासारखी होती. बिनकोडचे सात आकडी लँडलाइन कधी सरकलेच नव्हते. त्यांनाही नियम लावला असता तर ८५९ ने सुरू होणारे, अगदी खरे वाटणारे खोटे मोबाइल नंबर तयार झाले असते आणि कोणा अनोळखी माणसाला आमच्या वाचनालयाचे मेसेज गेले असते. पण हे सतरा जण पहिल्या बिघडलेल्या यादीत शाबूत होते. दोन फाइली, दोन्ही बिघडलेल्या. एकीने दुसरीची चूक सांभाळली.

ओळखपत्रांच्या फाइलमध्ये २९७ पैकी २४१ जण होते. सगळ्यांचे नंबर निघाले. ट्रंकेतून हाताला येतील ते २५ अर्ज काढून ताडून पाहिले, पंचवीसही जुळले. उरले ५६, दिवाळीनंतरचे सभासद. त्यांचे अर्ज वरच्या थरात होते; ५१ सापडले.

दुरुस्ती करताना मुलाने रकाना ६४ बिटांचा करायची तयारी केली होती. मी नको म्हटलं. फोन नंबराची कोणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. ती संख्या नाहीच, आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. अक्षरांचा रकाना कर, म्हणजे ०७१२ मधलं शून्यही जागेवर राहील. डेटाबेसची सेटिंग कडक केली. तारखांचे रकानेही तपासून घेतले, कारण अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच ३२ बिटांत मोजतात आणि त्यांची पायली १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. आमच्या आजीव सभासदांची मुदत त्यापुढची आहे. मुलाने तिथे साधी तारीख वापरली होती, सेकंद नाहीत. ते त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं त्याला सांगितलं.

मेसेज तिसऱ्या जूनला गेले, तोवर नवतपा संपला होता. वाळवीने खाल्लेल्या पाच अर्जांपैकी तीन जण स्वतः येऊन नंबर देऊन गेले. दोन बाकी आहेत. एक गृहस्थ दर गुरुवारी दिवाळी अंक बदलायला येतात, त्यांना काकू विचारतील. दुसऱ्यांकडे डिसेंबरपासून आमचे दोन खंड आहेत, आणि त्यांचा नंबर मात्र काकूंना कसंही करून हवा आहे.